मुंबई ते जेद्दा: अंतर किती, प्रवास किती तासांचा आणि घड्याळ काय सांगते?

उमऱ्याचे तिकीट मोबाइलवर आले की घरात ते सगळ्यांच्या हातून फिरते. समजा, त्यावर लिहिले आहे: मुंबईहून निघणे २२:००, जेद्दाला पोहोचणे ०१:००. कोणीतरी लगेच म्हणते, "अरे वा, तीन तासांत अरबस्तान!" मग परतीचे तिकीट उघडते. जेद्दाहून निघणे २२:००, मुंबईला पोहोचणे ०५:३०. आता सगळे गोंधळतात. जाताना तीन तास आणि येताना साडेसात? रस्ता तोच, विमानही तसेच, मग हे कसे?

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे असे प्रश्न आमच्यापर्यंत येतात. कधी मुले विचारतात, कधी पालकसभेनंतर त्यांचे अब्बू. वरच्या वेळा आम्ही उदाहरण म्हणून घेतल्या आहेत, पण तुमच्या तिकिटावरही असेच काही दिसेल. उत्तर सोपे आहे. अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घड्याळातली वेळ या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिकिटावर फक्त तिसरी गोष्ट ठळक छापलेली असते. बाकीच्या दोन आपल्याला काढाव्या लागतात. त्या नीट काढल्या नाहीत तर कोणाचे विमान चुकते, कोणाची मीकात झोपेत निघून जाते, तर कोणाच्या अम्मीचे इन्सुलिन भलत्याच वेळी घेतले जाते. म्हणून हा हिशोब आज सविस्तर मांडत आहोत.

आधी अंतर

मुंबई आणि जेद्दा या दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर साधारण ३,५२० किलोमीटर आहे. 'सरळ' म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ नव्हे. पृथ्वी गोल आहे. घरी ग्लोब असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा, दुसरे जेद्दावर, आणि दोरा ताणा. तो जिथून जाईल तो सर्वांत जवळचा मार्ग. मुंबई आणि जेद्दा जवळजवळ एकाच पट्ट्यात आहेत. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर, जेद्दा सुमारे साडेएकवीस अंश उत्तर. त्यामुळे इथे दोरा फारसा वाकत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क असा दोरा लावून पाहा, म्हणजे फरक कळेल. साडेबारा हजार किलोमीटरचा तो दोरा सपाट नकाशावरची सरळ रेघ सोडून खूप उत्तरेकडून जातो.

आपला दोरा मात्र अरबी समुद्र ओलांडतो, ओमानच्या किनाऱ्यावर चढतो, रुब-अल-खाली या अफाट वाळवंटावरून जातो आणि ताइफच्या बाजूने जेद्दाकडे उतरतो. प्रत्यक्ष विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही. आकाशातही ठरलेले मार्ग असतात. कुठे सैन्याचा भाग टाळायचा असतो, कुठे ढगांचा मोठा पट्टा. मक्का शरीफवरून तर प्रवासी विमाने जातच नाहीत, ती बाजूने वळतात. म्हणून कापलेले अंतर सरळ अंतरापेक्षा थोडे जास्तच भरते.

आपल्या बुजुर्गांनी हा प्रवास जहाजाने केला आहे. मुंबई बंदरातून हाजींची जहाजे १९९५ पर्यंत जात होती. जहाजाला ओमान आणि वाळवंट ओलांडता येत नाही. ते एडनच्या आखातात शिरते, बाब-अल-मंदेबच्या अरुंद सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात वळते आणि मग वर जेद्दाला जाते. हा रस्ता सुमारे २,३०० सागरी मैल, म्हणजे साधारण ४,२६० किलोमीटर. विमानापेक्षा जवळजवळ साडेसातशे किलोमीटर जास्त, आणि त्यात कित्येक दिवस जात. ही गोष्ट लक्षात ठेवा, मीकातच्या वेळी ती पुन्हा लागेल.

एक आणखी हिशोब. मुंबई ते मदिना हे हवाई अंतर सुमारे ३,४७० किलोमीटर आहे. म्हणजे मदिना जेद्दापेक्षा दूर नाही, उलट किंचित जवळच आहे. ज्यांना थेट मदिनेचे तिकीट मिळते त्यांनी "लांब पडेल का?" ही काळजी करू नये.

मग वेळ पाच-साडेपाच तास का?

प्रवासी जेट विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगाने चालते. ३,५२० ला ८५० ने भागा, उत्तर चार तास आणि आठ-नऊ मिनिटे येते. पण विमान कंपनी सांगते साधारण सव्वापाच ते पावणेसहा तास. मधला वेळ कुठे गेला?

कंपनीचा वेळ विमान दारापासून हलले की सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर दाराशी थांबले की संपतो. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर दारापासून धावपट्टीपर्यंत जायलाच पंधरा-वीस मिनिटे लागतात, कधी रांगेत जास्त. मग वर चढताना विमान पूर्ण वेगात नसते, उतरतानाही नसते. त्यात वळणे आली आणि वारा आला. एसटीचेही असेच असते. गाडी ताशी सत्तरने पळते म्हणून सत्तर किलोमीटर एका तासात होत नाहीत, स्टँडमधून बाहेर पडणेही त्यात धरावे लागते.

जाताना जास्त, येताना कमी

आता वाऱ्याचे बघू. जाताना साडेपाच तास लागले तर येताना बहुधा पाच किंवा त्याहून थोडे कमी लागतात. वर्गात यावर एखादे हुशार मूल हमखास विचारते, "पृथ्वी तर पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान वर जाऊन थांबले तर जेद्दा आपोआप खाली येईल. जाताना कमी वेळ लागायला हवा ना?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर असे की पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवासुद्धा फिरते, आणि विमान त्याच हवेत असते. धावत्या एसटीत चेंडू वर उडवला तर तो मागच्या सीटवर पडत नाही, आपल्याच हातात येतो. तसेच हे आहे.

फरक पडतो तो वाऱ्याचा. हिवाळ्यात आपल्या उत्तरेकडच्या पट्ट्यात खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जेद्दाला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून ढकलतात. समजा वारा ताशी ८० किलोमीटर आहे. जाताना विमानाचा जमिनीवरचा वेग ७७० होतो, येताना ९३०. ३,५२० किलोमीटरसाठी जाताना साडेचार तासांहून थोडे जास्त, येताना पावणेचार तासांहून थोडे जास्त. म्हणजे पाऊण तासाचा फरक नुसत्या वाऱ्याचा. पावसाळ्यात गणित बदलते. त्या दिवसांत दक्षिण भारत आणि अरबी समुद्रावर फार उंचावरचे वारे पूर्वेकडून वाहू लागतात, त्यामुळे जाण्या-येण्यातला फरक कमी होतो.

पण तिकिटावरचा तीन विरुद्ध साडेसात तासांचा फरक वाऱ्याने पडत नाही. तो घड्याळाचा आहे.

अडीच तासांचे घड्याळ

भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालते, सौदीचे ४५ अंशांवर. मधला फरक ३७.५ अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. ३७.५ गुणिले ४ म्हणजे १५० मिनिटे, बरोबर अडीच तास. भारतात दुपारचे बारा वाजतात तेव्हा सौदीत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात.

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची. म्हणून नियम असा:

जाताना तिकिटावरच्या फरकात अडीच तास मिळवा. रात्री १० ते १ म्हणजे तीन तास, अधिक अडीच, एकूण साडेपाच.

येताना तिकिटावरच्या फरकातून अडीच तास वजा करा. रात्री १० ते पहाटे साडेपाच म्हणजे साडेसात तास, वजा अडीच, उरले पाच.

दुबई, दोहा किंवा कुवेतमार्गे तिकीट असेल तर मधल्या शहराचे घड्याळही पाहावे लागते. दुबई भारताच्या दीड तास मागे आहे. दोहा आणि कुवेत सौदीसारखेच अडीच तास मागे. मधल्या विमानतळावर उतरलात की तिथल्या भिंतीवरचे घड्याळ बघा. मोबाइल आपोआप बदलला असेल याच्या भरवशावर राहू नका.

तारखेचा घोळ

हा घोळ सर्वांत महागात पडतो. आपल्याकडे मगरिब झाली की पुढची तारीख लागते. म्हणूनच गुरुवारच्या रात्रीला आपण जुम्मे की रात म्हणतो. विमान कंपनीची तारीख मात्र रात्री बारा वाजता बदलते. तिकिटावर 'शुक्रवार ०१:१५' लिहिले असेल तर ते विमान शुक्रवारच्या रात्री नाही, गुरुवारची रात्र संपताना निघते. म्हणजे गुरुवारी रात्री दहापर्यंत विमानतळावर पोहोचायचे. जुम्मे की रात हा शब्द इथे अगदी बरोबर कामाला येतो.

मध्यरात्रीनंतरच्या विमानांचे प्रवासी चोवीस तास उशिरा विमानतळावर पोहोचल्याचे प्रकार होतात. दावत झाली, गळाभेट झाली, सगळे मोहल्ले सोडायला आले आणि काउंटरवर कळले की विमान काल रात्रीच गेले. पैसे जातात ते जातात, पण वर्षानुवर्षे पै-पै साठवून निघालेल्या माणसाचे त्या वेळी काय होते ते वेगळे सांगायला नको. म्हणून वेळ ००:०० ते ०४:०० च्या दरम्यान असेल तर तिकिटावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: "घरातून निघणे: अमुक वारी, अमुक वाजता." जिथे तारखेपुढे '+१' दिसते तिथे पोहोचण्याचा दिवस पुढचा आहे हेही समजून घ्या. हॉटेलचे बुकिंग त्याच तारखेचे हवे.

मीकात: विमानातला सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास

अंतर आणि वेळेचा हिशोब इबादतीशी जोडला जातो तो इथे. उमरा किंवा हजच्या इराद्याने जाणाऱ्याने मीकातच्या आधी एहरामची नियत करायची असते. कोकणातले शाफई असोत की बाकी महाराष्ट्रातले बहुसंख्य हनफी, या मुद्द्यावर दोघेही सारखेच सांगतात. नियतीशिवाय मीकात ओलांडली तर परत मीकातवर जावे लागते, नाहीतर दम द्यावा लागतो.

आपल्या घरातले बुजुर्ग म्हणतात, हिंदुस्थानवाल्यांची मीकात यलमलम. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. त्यांचे जहाज एडनकडून, म्हणजे दक्षिणेकडून यायचे, आणि यलमलम मक्क्याच्या दक्षिणेला आहे. विमान मात्र पूर्वेकडून, ताइफच्या बाजूने येते. तिकडे कर्न-अल-मनाझिल ही मीकात आहे. तिथून जेद्दा विमानतळ सरळ रेषेत फक्त सव्वाशे-दीडशे किलोमीटर. जहाजाला एवढे अंतर कापायला कित्येक तास लागत. विमान, उतरण्यासाठी वेग कमी केला असला तरी, ते पंधरा-वीस मिनिटांत कापते. जहाजात मीकात येणार म्हणून तयारीला भरपूर वेळ मिळायचा. विमानात ती खिडकीखालून कधी गेली ते कळतही नाही.

त्यामुळे साधारणपणे जेद्दाला उतरण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी विमानात घोषणा होते. पण घोषणा इंग्रजीत किंवा अरबीत असू शकते, आवाज फुटका असू शकतो, आणि रात्रीच्या विमानात अर्धे लोक झोपलेले असतात. आमचा सल्ला असा आहे:

एहरामचे कपडे घरी किंवा मुंबई विमानतळावरच बांधून घ्या. विमानाच्या छोट्या शौचालयात वयस्कर माणसाला कपडे बदलणे फार कठीण जाते. कपडे बांधणे वेगळे आणि नियत करणे वेगळे, हे घरातल्या सर्वांना आधी समजावून सांगा.

विमान जमिनीवरून उठले की घड्याळ बघा आणि पावणेचार तासांनंतरचा गजर लावा. पुढच्या सीटच्या पडद्यावर नकाशा असेल तर 'उतरायला एक तास बाकी' दिसताच सर्वांना उठवा, नियत करा, तलबिया सुरू करा. मीकातच्या थोडे आधी नियत केली तर हरकत नाही, नंतर केली तर आहे.

तिकीट थेट मदिनेचे असेल तर विमानात ही घाई नाही. मदिनेहून मक्क्याला निघताना झुल-हुलैफा येथे, ज्याला लोक बीर अली किंवा अबयार अली म्हणतात, एहराम बांधला जातो. पहिल्यांदाच जाणाऱ्या वयस्कर जोडप्यासाठी हा मार्ग त्या दृष्टीने सोपा पडतो.

नमाज, रोजा आणि लांबलेला दिवस

पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. मुंबईच्या अक्षांशाजवळ पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण १,५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरत असतो. विमान त्याच्या निम्म्या वेगाने पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याच्या मागे धावते. म्हणून खिडकीतून सूर्य जवळजवळ निम्म्या चालीने खाली उतरताना दिसतो. परतताना उलटे. दिवस भराभर मावळतो, आणि रात्रीच्या विमानात फजर अपेक्षेपेक्षा लवकर येते.

रमजानमधल्या उमऱ्याला हे फार जाणवते. मार्चच्या मध्याचे उदाहरण घ्या. मुंबईत सूर्य साधारण पावणेसातला मावळतो. जेद्दात तो स्थानिक घड्याळाने साधारण साडेसहाला मावळतो, म्हणजे भारतीय वेळ नऊ. तुम्ही सहेरी मुंबईत केली आणि दुपारी तीनच्या विमानाने निघालात, तर जेद्दाला उतराल तेव्हा भारतात साडेआठ वाजलेले असतील, पण तिथे सहाच, आणि सूर्य अजून वर. रोजा सव्वादोन तासांहून जास्त लांबतो. हातातले मुंबईचे घड्याळ बघून विमानात खजूर तोंडात टाकू नका. तुम्ही जिथे आहात तिथला सूर्य मावळला की इफ्तार. सफरात रोजा न ठेवून नंतर कजा करण्याची सवलतही आहे. वय, साखर, रक्तदाब बघून ती घ्यायची की नाही, आणि विमानातल्या नमाजेचे मसाइल काय, हे निघण्यापूर्वी आपल्या मौलाना साहेबांना विचारून घ्या. ३५ हजार फुटांवर विचारायला कोणी मिळत नाही.

थेट विमान की बदलून?

दुबईमार्गे तिकीट बऱ्याचदा स्वस्त मिळते. अंतर बघा. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई ते जेद्दा सुमारे १,७००. बेरीज ३,६३०. थेट अंतरापेक्षा फक्त शंभरेक किलोमीटर जास्त. म्हणजे रस्ता शंभराला तीनच वाढला. पण वेळ? दोनदा चढणे, दोनदा उतरणे, मध्ये दोन-तीन तासांपासून सात-आठ तासांपर्यंत थांबणे. साडेपाच तासांचा प्रवास नऊ-दहा तासांचा सहज होतो, कधी चौदाचाही. लक्षात ठेवा, विमानप्रवासात वेळ अंतराने कमी आणि थांब्याने जास्त वाढतो.

तरुण माणसाला चार-पाच हजार वाचत असतील तर हरकत नाही. पण गुडघे दुखणाऱ्या अम्मीला मधल्या अवाढव्य विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालवत नेणे सोपे नाही. पहिले विमान उशिरा आले तर दुसरे चुकण्याचा धोकाही असतो. शिवाय आखातातले वातावरण बिघडले तर आकाशच बंद होऊ शकते. जून २०२५ मध्ये कतारने आपले आकाश काही तास बंद केले होते, तेव्हा मध्येच अडकलेल्या प्रवाशांचे फार हाल झाले. बुजुर्ग बरोबर असतील तर शक्य तो थेट विमान घ्यावे. बदलायचेच असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवावेत आणि दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असावीत. म्हणजे एक चुकले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते.

औषधे आणि तब्येत

जाण्याच्या दिवशी तुमचा दिवस २४ तासांचा नसतो, साडेसव्वीस तासांचा असतो. परतीचा साडेएकवीसचा. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्यांना अडीच तासांनी फारसा फरक पडत नाही, तरी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिनचे मात्र निघण्यापूर्वी विचारायलाच हवे: जेवण कधी, डोस कधी, कोणत्या घड्याळाने. सोपी युक्ती अशी की औषध घेणाऱ्या माणसाच्या मनगटावरचे घड्याळ हॉटेलवर पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका. सामानाच्या जागेत ते फार थंड पडून खराब होऊ शकते.

विमानाच्या आतली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी तितकी विरळ असते, आणि फार कोरडी. म्हणून थोडे थोडे पाणी पीत राहा. शौचालयाला जावे लागेल म्हणून अनेक वयस्कर बायका पाणीच पीत नाहीत. त्यांना पॅसेजजवळची सीट द्या, प्रश्नच मिटतो. दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे, बसल्या बसल्या घोटे फिरवावेत. दमा किंवा हृदयविकार असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला हवाच. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगा, आयत्या वेळी मिळेलच असे नाही.

खरा प्रवास किती तासांचा?

उड्डाणाचा वेळ म्हणजे पूर्ण सफर नव्हे. मालेगावच्या एखाद्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. मालेगाव ते मुंबई सुमारे २८० किलोमीटर, विमानतळापर्यंत गाडीने सहा तास धरा. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे, कारण काउंटर साधारण एक तास आधी बंद होते. उड्डाण साडेपाच तास. जेद्दाला पासपोर्ट आणि सामान दोन तास. पुढे मक्क्यापर्यंत रस्त्याने दीड तास. एकूण अठरा तास. ३,५२० किलोमीटरच्या उड्डाणाला त्यातले एक तृतीयांशही लागत नाहीत. २८० किलोमीटरचा रस्ता त्याच्यापेक्षा जास्त वेळ खातो. रत्नागिरी किंवा नांदेडहून येणाऱ्यांनी आपापला हिशोब असाच मांडावा.

हे अठरा तास समजले की पुढचा निर्णय बदलतो. पोहोचल्यावर लगेच तवाफ आणि सई करायची घाई अनेकांना होते. जजबा समजण्यासारखा आहे. पण एकट्या सईमध्येच सात फेऱ्यांचे सुमारे तीन किलोमीटर चालणे होते. रात्रभर जागलेल्या सत्तरीच्या माणसाने एहराममध्येच राहून, त्याच्या पाबंद्या पाळून, हॉटेलवर पाच-सहा तास झोप घेतली आणि मग उमरा केला, तर त्यात काहीच वावगे नाही. टूरवाले गटाला एकदम न्यायला बघतात, अशा वेळी मुलांनी आई-वडिलांच्या बाजूने बोलले पाहिजे.

शेवटी एक विनंती. हा हिशोब एजंटवर सोडू नका, घरातल्या मुलांकडून करून घ्या. आठवी-नववीतल्या मुलाला किंवा मुलीला ग्लोब, दोरा आणि तिकीट द्या. एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात पाच ओळी लिहायला सांगा: घरातून कोणत्या वारी किती वाजता निघायचे, प्रत्यक्ष उड्डाण किती तासांचे, उतरल्यावर घड्याळ किती मागे करायचे, नियतीसाठी कधी उठायचे, औषध कोणत्या घड्याळाने घ्यायचे. तो कागद दादी-नानीच्या पर्समध्ये पासपोर्टशेजारी राहू द्या. मुलांचा भूगोलही पक्का होईल आणि घरच्या मोठ्यांची खिदमतही घडेल.

अल्लाह तआला निघालेल्या सर्वांचा सफर आसान करो, त्यांच्या इबादती कबूल करो, आणि ज्यांची तमन्ना अजून मनात आहे त्यांनाही ती वाट दाखवो. आमीन.